घरातल्या बोलीचा आवाज फोनवर कसा जपावा

वसई-विरारमध्ये व्हॉइस नोट आता घरोघरी रुळली आहे. नंदाखाल, भुईगाव, गास, गिरिज इथल्या वाड्यांमधल्या आजी-आजोबांना मोबाईलवर देवनागरी टाइप करणं जड जातं, पण माइकचं चित्र दाबून परदेशातल्या नातवाशी बोलणं सहज जमतं. विरार लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसालाही घरी निरोप द्यायला आवाजच सोयीचा पडतो. व्हॉट्सॲपने ही सोय २०१३ साली आणली. २०२२ साली जगभरात रोज सरासरी ७०० कोटी व्हॉइस मेसेज पाठवले जातात, असं कंपनीने जाहीर केलं.

या निरोपांमध्ये आपल्या नकळत आपली बोली साठत जाते. वसई परिसरात थोड्या थोड्या अंतरावर मराठी बदलते. कुपारी समाजाची आणि सामवेदी ब्राह्मणांची सामवेदी, जिला कादोडीही म्हणतात; वाडवळांची वाडवळी; किनाऱ्यावरच्या कोळ्यांची आणि मांगेल्यांची बोली; आगरी; पूर्वेकडच्या पाड्यांवरची वारली. शाळेत, कचेरीत, गृहसंकुलांच्या लिफ्टमध्ये यांतलं फारसं काही ऐकू येत नाही. बोली घरात राहते आणि घरातही मुख्यतः साठीपुढच्या माणसांच्या तोंडी राहते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, म्हणजे १९०५ साली, सामवेदी आणि वाडवळी यांची दखल घेतली गेली. पण छापील कागदावरून उच्चाराचा अंदाज तेवढा येतो. हेल येत नाही, वाक्य कुठे लांबतं आणि कुठे तुटतं ते कळत नाही. हे टिपणारं यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

अडचण पुढे येते. रेकॉर्डिंग करायला एक मिनिट लागतं, पण वर्षभरानंतर ते सापडत नाही. सापडलं तर आवाज कुणाचा, कुठला, कशाबद्दलचा, हे सांगता येत नाही. त्यामुळे फोनवर आवाज कसा टिपला जातो, तो स्वच्छ कसा घ्यावा, त्याला नाव काय द्यावं आणि तो कुठे ठेवावा, हे सगळं या लेखात क्रमाने पाहू. त्यातलं नोंद ठेवण्याचं काम सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण नोंद नसलेला आवाज घरात असूनही नसल्यासारखा असतो.

फोनच्या आत काय घडतं

फोनचा माइक काही मिलिमीटरचा असतो. त्यात सिलिकॉनवर कोरलेला अतिशय पातळ पडदा असतो. आपण बोललो की हवेचा दाब वर-खाली होतो, पडदा थरथरतो आणि त्या थरथरीचा विद्युत संकेत तयार होतो. फोन हा संकेत सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजमाप आकड्यात लिहून ठेवतो. या आकड्यांची रांग म्हणजेच आपलं रेकॉर्डिंग.

सगळे आकडे जसेच्या तसे ठेवले तर फाइल मोठी होते. सेकंदाला ४४,१०० मोजमापं आणि प्रत्येकाला दोन बाइट धरले, तर एका माइकच्या आवाजाला मिनिटाला साधारण ५.३ एमबी लागतात, तासाला सुमारे ३१८ एमबी. ‘वेव्ह’ प्रकारची फाइल अशी असते. म्हणून बहुतेक फोन आवाज आवळून साठवतात. माणसाच्या कानाला जे फारसं जाणवत नाही ते गाळून उरलेलं ठेवतात. ‘एम४ए’ या प्रकारात चांगल्या दर्जाच्या आवाजाला मिनिटाला साधारण एक एमबी पुरतो. व्हॉट्सॲप याहून पुढे जातं. ते ‘ओपस’ नावाची पद्धत वापरतं. २०१२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत कमी इंटरनेटवरही बोलणं पोचवू शकते. त्यामुळे काही मिनिटांचा निरोपसुद्धा अगदी लहान फाइलमध्ये मावतो.

निरोपासाठी हे उत्तम आहे, जतनासाठी मात्र कमी पडतं. आवाज फार आवळला की आधी वरच्या पट्टीतले बारकावे जातात. स आणि श, च आणि झ यांचे दंत्य-तालव्य भेद ऐकू येतात ते बऱ्याच अंशी याच पट्टीमुळे. बोलीचा अभ्यास करणाऱ्याला नेमके हेच भेद हवे असतात. शिवाय एकदा गाळलेला आवाज परत आणता येत नाही. लहान फाइल नंतर मोठ्या प्रकारात बदलली तर फक्त जागा वाढते, गेलेला आवाज येत नाही.

म्हणून साधा नियम असा: निरोप व्हॉट्सॲपवर, जतन करायचं रेकॉर्डिंग फोनच्या रेकॉर्डर ॲपवर. आयफोनमध्ये ‘व्हॉइस मेमोज’ आधीपासून असतं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘रेकॉर्डर’ किंवा ‘व्हॉइस रेकॉर्डर’ नावाचं ॲप असतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये व्हॉइस मेमोजच्या पानावर ‘ऑडिओ क्वालिटी’ असते. तिथे ‘लॉसलेस’ निवडलं की काहीही न गाळता आवाज साठतो. अँड्रॉइडमध्ये रेकॉर्डर उघडून त्याच्या सेटिंगमध्ये दर्जाचा पर्याय शोधावा आणि सर्वांत वरचा निवडावा. सॅमसंगच्या रेकॉर्डरमध्ये ‘इंटरव्ह्यू’ हा पर्याय मिळाला तर समोरासमोर बसलेल्या दोघांसाठी तो उपयोगी पडतो, कारण त्यात फोनच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही माइक वापरले जातात.

आवाज स्वच्छ घेण्यासाठी

चांगल्या रेकॉर्डिंगसाठी महागडा फोन लागत नाही. अंतर आणि जागा सांभाळावी लागते. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. फोन टीपॉयवर आणि आजी पलीकडच्या सोफ्यावर असेल, तर फोनला आजीपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून सुमारे एक फुटावर ठेवावा, थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचा झोत थेट माइकवर येणार नाही. मुख्य माइक बहुधा खाली, चार्जिंगच्या जागेजवळ असतो, म्हणून ती बाजू बोलणाऱ्याकडे करावी. कव्हरने किंवा बोटाने माइकचं भोक झाकलं जात नाही ना, हे पाहावं.

फोन हातात धरला की बोटांची खसखस येते, लाकडी टेबलावर ठेवला की कप ठेवल्याचा धक्काही ऐकू येतो. दोनदा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला की दोन्ही त्रास कमी होतात. रिकाम्या भिंती आणि गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. पलंग, गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली आतली खोली बरी. पंखा आणि फ्रिज दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवता आले तर ठेवावेत, आणि पाण्याचा पंप कधी चालू होतो ते आधी विचारून घ्यावं. अर्नाळा, रानगाव, भुईगावच्या किनाऱ्यावर वाऱ्याचा प्रश्न असतो. माइकवर आदळणाऱ्या वाऱ्याची घरघर नंतर कुठल्याच उपायाने नीट जात नाही. तिथे भिंतीचा किंवा बोटीचा आडोसा घ्यावा, नाहीतर कॉलरला लावायचा, फोमची टोपी असलेला छोटा माइक वापरावा.

सुरुवात करण्याआधी फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाका. मधेच फोन आला तर रेकॉर्डिंग थांबू शकतं, आणि ते थांबलं आहे हे बहुधा शेवटी लक्षात येतं. बॅटरी आणि मोकळी जागा बघा. मग अर्ध्या मिनिटाचं चाचणी रेकॉर्डिंग करा आणि ते इअरफोन लावून ऐका. कानाला सवय झालेला पंखा किंवा शेजारचा टीव्ही इअरफोनमध्ये लगेच कळतो.

बोलणाऱ्याला मोकळं करणं

सगळ्यात आधी परवानगी घ्यायची. फोन चोरून चालू ठेवून घेतलेलं बोलणं कितीही सुंदर असलं तरी ते त्या माणसाचं आहे. कशासाठी घेत आहोत, कोण ऐकेल, घराबाहेर जाईल की नाही, हे घरातल्या भाषेत सांगावं आणि त्यांचा होकार रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आवाजात घ्यावा. एखादी गोष्ट नंतर नको वाटली तर ती काढून टाकू, असा शब्द द्यावा आणि तो पाळावा. त्याच सुरुवातीत आपण आपल्या आवाजात तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव, अंदाजे वय आणि बोली सांगावी. फाइलचं नाव पुढे कुणी बदललं, तरी ही माहिती आवाजातच राहते.

“जुन्या काळाबद्दल काहीतरी सांगा” असं म्हटलं की समोरचा गप्प होतो किंवा भाषण केल्यासारखा प्रमाण मराठीत बोलू लागतो. प्रश्न वस्तूंबद्दल आणि कामाबद्दल विचारावेत. विहिरीवरचा रहाट कसा चालायचा, बैल कोण हाकायचं, पाणी कुठल्या पाटाने कुठे जायचं? बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, कधी साफ करायचे आणि त्यात कोण उतरायचं? सुकेळी करायला राजेळी केळी किती पिकलेली लागायची, किती दिवस उन्हात घालायची, पाऊस आला तर काय करायचे? पानवेल कशी लावायचे? पहाटेच्या गाडीने दादरला फुलं आणि भाजी घेऊन जाणाऱ्या बायका स्टेशनपर्यंत कशा पोचायच्या? आगरातलं मीठ कधी आणि कशाने ओढायचे? अशा प्रश्नांना हातांच्या हालचालींसकट उत्तरं येतात. अवजारांची, मापांची, वाऱ्यापावसाची नावं ओघात येतात. अनेकदा ती कुठल्या शब्दकोशातही नसतात.

आजी ज्या बोलीत बोलते त्याच बोलीत प्रश्न विचारता आला तर फार बरं. आपल्याला ती येत नसेल तर घरातल्या अशा माणसाला शेजारी बसवावं ज्याच्याशी ती रोज त्या बोलीत बोलते. मग संभाषण आपोआप तिकडे वळतं. बोलणं चालू असताना “हो, हो” किंवा “बरोबर” म्हणू नये, मान हलवावी. आजी मधे थांबली तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. आठवण्यासाठी थांबलेला माणूस बरेचदा थांबल्यानंतरच महत्त्वाचं सांगतो.

लग्नातली किंवा कामाची गाणी घेताना आधी गाणं सलग, न थांबवता घ्यावं. अर्थ, प्रसंग, कोणी शिकवलं, हे नंतर वेगळ्या फाइलमध्ये विचारावं. एका फाइलमध्ये एकच विषय आणि शक्यतो १० ते २० मिनिटं ठेवावीत. दोन तासांची एक फाइल पुन्हा ऐकायला बसणं कुणाला जमत नाही. १५ मिनिटांच्या आठ फाइल मात्र ऐकल्या जातात.

नाव आणि नोंदवही

रेकॉर्डिंग थांबवलं की फोन स्वतःच नाव देतो: ‘न्यू रेकॉर्डिंग ७’, किंवा आयफोनमध्ये ठिकाणावरून रस्त्याचं किंवा भागाचं नाव. हे नाव त्याच जागी, त्याच वेळी बदलावं. घरी जाऊन बदलू म्हटलं की ते राहून जातं. नावाची पद्धत ठरलेली असावी. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर गाव, विषय आणि भाग. उदाहरणार्थ: ‘२०२५-०५-११ भुईगाव रहाट भाग १’. वर्ष आधी लिहिल्याने फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात आणि गोंधळ होतो. फाइलच्या नावात बोलणाऱ्याचं पूर्ण नाव नसलं तरी चालेल, कारण फाइल पुढे सरकते आणि नाव सगळीकडे जातं. पूर्ण नाव नोंदवहीत असावं.

ही नोंदवही साधी दोनशे पानी वही असू शकते किंवा फोनमधली स्प्रेडशीट. प्रत्येक रेकॉर्डिंगला एक ओळ द्यायची: फाइलचं नाव, बोलणारा, जन्मगाव, लग्नानंतरचं गाव, अंदाजे वय, बोली, विषय, रेकॉर्ड करणारा, परवानगी कुठपर्यंत, प्रती कुठे आहेत. जन्मगाव आणि सासर दोन्ही लिहिण्याला कारण आहे. आगाशीत वाढलेली आणि गासमध्ये नांदलेली बाई दोन्हीकडचं बोलते. पुढे ऐकणाऱ्याला कुठलं कुठून आलं ते यावरून कळतं. त्याच दिवशी एकदा ऐकून वेळा टिपाव्यात: तिसऱ्या मिनिटाला रहाटाचे भाग, साडेसातव्या मिनिटाला १० वर्षांच्या असताना आलेला पूर, बाराव्या मिनिटाला गाणं. पाच ओळींचं हे टिपण असलं की २० वर्षांनीही हवं ते मिनिटभरात सापडतं.

नोंदीचं मोल महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अनेक वर्षं खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काही ओव्या बायकांच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या. २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हा संग्रह लोकांपुढे मांडत आहे. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिसतं, तेव्हा ती ओवी एका बाईची होते. ही माहिती त्या काळी कुणीतरी कंटाळा न करता लिहून ठेवली, म्हणूनच आज हे शक्य आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातही आवाजाबरोबर गाव, वय, शिक्षण अशी माहिती ठेवलेली आहे. घरातल्या कामाला एवढी शिस्त लागत नाही, पण रीत तीच आहे.

व्हॉट्सॲपमध्ये पडून असलेले आवाज

अनेक घरांत खरा ठेवा आधीच जमलेला आहे. गेल्या काही वर्षांत आजोबांनी पाठवलेले निरोप, आईने आवाजात सांगितलेली मसाल्याची कृती, मामाने म्हटलेलं भजन. ते चॅटमध्ये खाली खाली जातात, फोन बदलताना बॅकअप राहिला तर जातात, ‘डिसअपिअरिंग मेसेज’ चालू असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी आपोआप पुसले जातात. घरच्या गटात ही सोय चालू आहे का, ते आधी बघावं.

अँड्रॉइड फोनमध्ये हे निरोप ‘फाइल्स’ ॲपमधून सापडतात. अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपचं फोल्डर आणि त्यात ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’. आत प्रत्येक आठवड्याचं वेगळं फोल्डर असतं आणि फाइलचं नाव ‘पीटीटी’ या अक्षरांनी सुरू होऊन पुढे तारीख असते. म्हणजे तारीख कळते, पण आवाज कुणाचा ते कळत नाही. कोण बोललं हे फक्त चॅटमध्ये असतं. म्हणून थोडे निरोप असतील तर चॅटमध्येच एकेक निरोप दाबून धरावा, ‘शेअर’ करून फोनच्या फाइलींत किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवावा आणि तिथेच त्याला नाव द्यावं.

निरोप खूप असतील तर चॅट ‘एक्स्पोर्ट’ करावं. त्या व्यक्तीचं चॅट उघडून वरच्या तीन ठिपक्यांत ‘मोअर’ आणि मग ‘एक्स्पोर्ट चॅट’ निवडायचं, ‘मीडियासह’ म्हणायचं. आयफोनमध्ये हा पर्याय संपर्काच्या माहितीच्या पानावर खाली असतो. यातून आवाजाच्या फाइली मिळतात आणि सोबत एक मजकुराची फाइल मिळते. तिच्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणी, कोणती फाइल पाठवली ते ओळीने लिहिलेलं असतं. आयती नोंदवहीच ती! दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवावं, वेगळं करू नये.

रेकॉर्डरवर घेतलेली चांगली फाइल भावंडांना व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल, तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, म्हणजे मूळ फाइल आहे तशी पोचते. फोन समोर ठेवून एका फोनचा आवाज दुसऱ्यावर रेकॉर्ड करणं टाळावं. त्यात खोलीचा आवाज मिसळतो आणि दर्जा आणखी घसरतो.

प्रती: एक घरात, एक घराबाहेर

मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा जतनाचा पहिला नियम. खोकला, मधले अडथळे, नको असलेला भाग कापायचा असेल तर आधी प्रत करावी आणि प्रतीवर काम करावं. आयफोनमध्ये कापताना ‘नवीन म्हणून सेव्ह’ करण्याचा पर्याय येतो, तोच घ्यावा. चुकून पुसलं गेलं तर व्हॉइस मेमोजमध्ये ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये ते साधारणपणे ३० दिवस मिळतं. काही अँड्रॉइड रेकॉर्डरमध्येही अशी कचरापेटी असते.

दुसरा नियम प्रतींचा. निदान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. वसई-विरारकरांना याचं कारण वेगळं सांगायला नको. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, तळमजल्यांत पाणी शिरलं आणि अनेक भागांत वीज गेली. तळमजल्यावरच्या कपाटातला फोन, लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह अशा पाण्यात एकदमच जातात, आणि तिन्ही एकाच घरात असतील तर तीन प्रती असूनही एकच प्रत होती असं म्हणावं लागतं. एक प्रत फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर आणि एक ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत, असं ठेवावं. ऑनलाइन नको असेल तर पुण्याच्या बहिणीकडे किंवा ठाण्याच्या काकांकडे एक पेन ड्राइव्ह असावा.

जागेचा हिशेब आधी करावा. गूगल खात्यात १५ जीबी जागा मोफत असते, पण त्यात ईमेल, फोटो आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. आयक्लाउडवर मोफत जागा ५ जीबी. एम४एमधलं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ६० एमबी धरलं, तर एक जीबीत १६-१७ तास मावतात. बहुतेक घरांना एवढं पुरे. पेन ड्राइव्ह अनेक वर्षं न उघडता ठेवू नये. वर्षातून एकदा, सणासुदीला सगळे जमतात तेव्हा, तो लावून दोन-चार फाइली चालतात का ते पाहावं आणि काही वर्षांनी नव्या साधनावर प्रत काढावी.

ऐकून लिहिणं

आवाजाबरोबर मजकूर असला तर रेकॉर्डिंगचा उपयोग फार वाढतो. २०१७ सालापासून गूगलची बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आहे, आणि केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पातही भारतीय भाषांसाठी अशी साधनं तयार होत आहेत. शहरी प्रमाण मराठी ही साधनं बऱ्यापैकी ओळखतात. सामवेदी किंवा वाडवळी बोलणं त्यांना दिलं तर ती त्यातल्या त्यात जवळचा प्रमाण मराठी शब्द लिहून मोकळी होतात, कारण त्यांना शिकवलं गेलं आहे ते मुख्यतः प्रमाण मराठीवर. मजकूर वाचायला सरळ वाटतो आणि बोली त्यातून नाहीशी झालेली असते. यंत्राचं लेखन कच्चा खर्डा म्हणून वापरावं आणि बोलणाऱ्या माणसाला जवळ बसवून तपासावं.

हाताने लिहिताना जसं ऐकू येतं तसं देवनागरीत लिहावं. शुद्धलेखनाच्या नियमात बसवू नये. एखादा उच्चार नेहमीच्या अक्षरात बसत नसेल तर एक खूण ठरवावी आणि तिचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. कठीण शब्दाखाली अर्थ लिहावा आणि तो कुणी सांगितला तेही लिहावं. सगळं लिहायला वेळ नसेल तर निदान गाणी, म्हणी आणि कामाच्या पद्धती लिहाव्यात. ऐकताना गती कमी करण्याची सोय अनेक रेकॉर्डर ॲपमध्ये असते; लिहिताना ती फार उपयोगी पडते.

हे काम १४-१५ वर्षांच्या नातवंडांना द्यावं. त्यांना फोन येतो, आजीला बोली येते. एक वाक्य लिहायला ते तिला चार प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांमधून बोली त्यांच्याही तोंडी थोडी येते. बोली पुढच्या पिढीपर्यंत जायचा मला दिसणारा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच आहे.

पुढे कुणाला द्यावं

पहिली प्रत बोलणाऱ्याला आणि त्याच्या घराला द्यावी. त्यांच्या फोनमध्ये टाकून, कसं लावायचं ते दाखवून द्यावं. त्यानंतर परवानगी असेल तर गावातल्या ग्रंथालयाला किंवा समाजाच्या मंडळाला नोंदवहीच्या प्रतीसह द्यावं. बोलीचे अभ्यासक, विद्यापीठांचे मराठी विभाग यांनाही अशा नोंद असलेल्या साहित्याचा उपयोग होतो.

सगळ्या जगासाठी खुलं करायचं तर विकिमीडिया कॉमन्स हा मार्ग आहे. मात्र तिथे टाकलेलं कुणालाही, व्यापारासाठीसुद्धा, वापरता येतं. आजीला हे स्पष्ट सांगूनच होकार घ्यावा, आणि तिच्या आवाजात घ्यावा. तिथे एम४ए फाइल चालत नाही. ओपस, वेव्ह, फ्लॅक किंवा एमपी३मध्ये रूपांतर करून द्यावी लागते आणि मूळ एम४ए घरी ठेवायची असते. घरगुती भांडणं, जमिनीचे वाद, आजारपण, तिसऱ्या माणसाबद्दलचं बोलणं असलेले भाग बाहेर जाऊ देऊ नयेत. नोंदवहीतला परवानगीचा रकाना यासाठीच असतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२४ साली त्यांचं निधन झालं. त्यांनी लिहिलेलं पुस्तकांत आहे, ते वाचता येईल. पण वसईच्या वाड्यांमधल्या बहुसंख्य माणसांनी काही लिहिलेलं नाही. रहाट हाकणाऱ्याचं, मासळी वाळवणारीचं, मिठाच्या आगरात राबलेल्याचं सगळं ज्ञान बोलण्यातच आहे, आणि ते ऐकून ठेवणारा कुणी नसेल तर ते त्यांच्याबरोबर संपतं. त्यांच्यासाठी आपण करू शकतो असं हे काम आहे आणि त्याला लागणारं साधन आपण विकत घेऊन बसलो आहोत.

सुरुवात अवघड करू नये. या आठवड्यात घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाशी एकाच कामाबद्दल १५ मिनिटं बोला. फोन एअरप्लेन मोडवर, एक फुटावर, टॉवेलवर. सुरुवातीला तारीख, गाव, नाव आणि होकार. थांबवल्यावर लगेच फाइलला नाव, वहीत एक ओळ, आणि रात्री झोपण्याआधी दुसऱ्या जागी एक प्रत. पुढच्या आठवड्यात दुसरा विषय. वर्षभर असं चाललं तर एका माणसाच्या आयुष्यातलं ज्ञान, त्याच्याच बोलीत, घरात जमा होतं, आणि ते कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं.